आठवणी वाटा, मोकळे व्हा

आधी तुमचं अभिनंदन. आठवणी डोक्यात साठवण्याच्या जुनाट सवयीतून तुम्ही जवळजवळ सुटलात. सकाळी डोळे उघडतात न उघडतात तोच फोन सांगतो की पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी तुम्ही फार आनंदात होता, वर मागे संगीतही लावून देतो. तो फोटो काढण्याआधी अर्धा तास घरात आदळआपट चालली होती, हे तुम्हाला पुसट आठवत असेल. काळजी नको. फोटोत सगळे हसताहेत ना? मग आणखी दोन-तीन वर्षं तोच बघत राहा, आदळआपट आपसूक विरून जाईल.

एका डोक्यातली आठवण थेट दुसऱ्या डोक्यात ओतणारं यंत्र मात्र अजून आलेलं नाही. हातपाय गाळू नका. २०१३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत चक्क खोटी आठवण बसवून दाखवली. उंदराने आधी पाहिलेल्या एका पेटीची आठवण धरून ठेवणाऱ्या पेशी प्रकाशाने जाग्या केल्या, आणि त्याच वेळी दुसऱ्या पेटीत पायाला विजेचे झटके दिले. नंतर उंदीर पहिल्या पेटीत ठेवला, तर भीतीने जागच्या जागी गोठला. त्या पेटीत बिचाऱ्याला कधीच काही झालं नव्हतं. उंदराचं जमलं तर आपलंही जमेल. न घडलेल्या गोष्टीला घाबरायचा सराव तर आपण फॉरवर्ड वाचून रोज करतोच आहोत.

यंत्र येईपर्यंत काही सवयी लावून घ्या. कुणी दुःख सांगायला बसलं तर ऐकत बसू नका. ऐकण्यात फार वेळ जातो. समोरचा मधेच गप्प होतो, हातातला पाण्याचा ग्लास नुसता फिरवत राहतो, आणि आपल्याला काय बोलावं ते सुचत नाही. त्यापेक्षा म्हणावं, ‘पाठवून दे, रात्री बघतो.’ दीडपट वेगाने लावलं की वडिलांचं जाणं वीस मिनिटांत उरकतं. ग्लास फिरवण्याचा भाग पुढे सरकवता येतो. शिवाय ‘तुझ्यावर काय गुदरलं असेल याची मला कल्पना आहे’ हे आजवर खोटं ठरलेलं वाक्य एकदाचं खरं होईल, तेही कल्पना करण्याची तसदी न घेता.

पाठवताना आठवणीला मथळा तेवढा नीट द्या. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली एका सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. अपघाताची एकच फिल्म दाखवून काहींना विचारलं, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, ‘धाडकन आदळल्या’ तेव्हा किती होता. आदळवाल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं तर फुटलेल्या काचा आठवणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तेव्हा क्रियापद जोरकस ठेवा, काचा बघणारा स्वतःच्या पदरच्या आणतो.

कुणी विचारेल, मग ‘मी’ म्हणजे कोण? जॉन लॉक हे इंग्रज तत्त्वज्ञ सतराव्या शतकातच सांगून गेले की जाणीव मागे जिथवर पोचते, तिथवर माणूस तोच. म्हणजे तुमचा पहिला प्रेमभंग चाळीस जणांनी उतरवून घेतला की तुम्ही झालात एक्केचाळीस. एकटेपणाचा प्रश्नच मिटला. बँक ‘तुमच्या पहिल्या शाळेचं नाव काय’ असं विचारेल तेव्हा जरा पंचाईत होईल, एवढंच.

आणि घरातले वाद मिटतील ते वेगळंच. आमच्याकडचंच बघा. माझ्या हनुवटीखाली टाक्यांची खूण आहे. लहानपणी झोपाळ्यावरून पडलो, त्याची. ताई मात्र गेली तीस वर्षं ठणकावून सांगते की पडली ती. तिला हाताला बसलेला दोरीचा चटका आठवतो, तोंडात गेलेली माती आठवते, पिवळ्या फ्रॉकवर सांडलेलं रक्त आठवतं. ‘ही आठवण माझी, तुझी नव्हे’ या जुळ्या भावंडांमधल्या वादांवर २००१ साली शोधनिबंध निघालाय. आम्ही जुळे नाही, पण भांडतो त्यांच्या तोडीने. रक्त तिच्या फ्रॉकवर होतं, हे खरं. कारण मला उचलून ती घरापर्यंत पळत आली होती, असं आई सांगायची. आई तेव्हा घरी नव्हती, ती गोष्ट निराळी.

यंत्र असतं तर दहा सेकंदांत निकाल लागला असता. तिला माझं पडणं दिसलं असतं, मला तिचं पळणं, आणि हिशेब चुकता झाल्यासारखे आम्ही आपापल्या फोनकडे वळलो असतो. तूर्त ती सोय नाही. तूर्त ताई येते, बसते न बसते तोच विषय निघतो, मी हनुवटी वर करून पुरावा दाखवतो. ती जवळ येते, खुणेवर बोट ठेवते, आणि दुसऱ्या हाताने स्वतःची हनुवटी चाचपत म्हणते, ‘माझी बुजली असेल.’