तोंड मिटून द्यायचा पेपर

आमच्या दारव्हा तालुक्यात सर्टिफिकेटाचं मोल एकाच गोष्टीवरून ठरतं: फ्रेम केलं की नाही? २००१ साली आलेल्या एमएस-सीआयटीनं तर घराघरांतल्या भिंती भरून टाकल्या. सरकारी नोकरीला लागतं म्हणून पोट्ट्यांनी केलं. नोकरी लागली नाही, पण खिळा वाया गेला नाही.

मी घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला. कंपनीनं फर्मान काढलं, अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची (म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या कॉम्प्युटरांची) ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट’ परीक्षा द्या. ६५ प्रश्न, १३० मिनिटं, हजारपैकी ७२० मिळाले की पास. मला काम येतं का, ही कंपनीची चिंता नव्हतीच. क्लाउडवाल्यांच्या भागीदारीत वरची पायरी चढायची तर सर्टिफिकेटवाली मुंडकी मोजून दाखवावी लागतात. त्यातलं एक मुंडकं माझं. (अभ्यासाचा फायदा मात्र झाला. जे इतकी वर्षं नुसतं चालवत होतो ते का चालतं, हे कळलं. कंपनीला सांगितलं नाही, नाहीतर पुढची परीक्षा लावतील.)

बाबांनी फी विचारली.

“दीडशे डॉलर.”

“सोयाबीनमंदी सांग.”

२०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे जवळपास अडीच क्विंटल.

“अन् हमीभाव भेटला नाही त?”

यावर मी तरी काय बोलणार? फी कंपनी भरते म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. पण तीन वर्षांनी सर्टिफिकेट बाद होतं, हे ऐकून तो पुन्हा बाहेर आला.

“बियाण्याच्या थैलीसारकी तारीख असते का त्याले? माही मॅट्रिक त अजून चालूच हाये!”

नागपूरच्या केंद्रावर जाता आलं असतं. पण घरबसल्या देता येते म्हटल्यावर एसटीत कोण हाडं खिळखिळी करून घेणार? घरच्या पेपराचे नियम असे: टेबल रिकामं, खोलीत दुसरं कुणी नाही, बोलायचं नाही, प्रश्न पुटपुटायचासुद्धा नाही. खोलीचे चारी बाजूंनी फोटो पाठवायचे. फोटोत सोयाबीनचे कट्टे आले. कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्या निरीक्षकानं चॅटवर विचारलं, हे काय? मी लिहिलं, सोयाबीन. बराच वेळ तिकडून काहीच नाही. मग म्हणे, झाका. चादर टाकल्यावर ते फारच संशयास्पद दिसायला लागले, पण साहेबांचं समाधान झालं.

खरी परीक्षा पुढे होती. आमच्या घरात माणूस झोपेतही गप्प बसत नाही. आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली, “चा मांडू काय रे?” मी गप्प. “अरे, चा मांडू काय?” मी स्क्रीनकडे डोळे लावून गप्प. “रुसला वाट्टे,” आई कुणाला तरी म्हणाली. बाबा ओसरीत पहाऱ्याला बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत होते, “अंदर पोट्ट्याचा पेपर चालू हाये, कोनी आवाज करू नका बरं!” हे इतक्या खणखणीत आवाजात, की निरीक्षकाची ताकीद आली: मागून आवाज येतोय.

तेवढ्यात लाइन गेली. एक डेटा सेंटर बंद पडलं तरी काम थांबू नये, हा या क्लाउडचा गाभा; म्हणून मुंबई रीजनमध्ये तीन अव्हेलेबिलिटी झोन, म्हणजे डेटा सेंटरांचे तीन अलग गट, ठेवलेत. आमच्याकडेही तीनच: लाइन, इन्व्हर्टर आणि शेजारच्या काकांचा जनरेटर. ही रचना बाबांची, विनासर्टिफिकेट. इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला, पंखा मात्र बंद. उरलेले प्रश्न घामानं सोडवले.

बाहेर आलो तर ओसरीत सभाच भरलेली.

“निकाल?”

“पाच कामाच्या दिवसांत कळवतात.”

“बरं, पेपरात काय काय इचारलं?”

“ते सांगता येत नाही, बाबा. प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार असतो.”

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं काकांकडे. काकांनी हळूच तंबाखू चोळली आणि म्हणाले, “अबे, कठीन गेला म्हनाले करार कायले लागते?”