मस्टर कुठंय?

परवा पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात, पाच-सहा माणसांच्या देखत, एका अनोळखी काकांनी मला विचारलं, "तुम्हाला कामधंदा नाही का हो?" आणि हे विचारताना ते स्वतः दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसून माझी डीव्हीडी, माझ्या प्लेअरवर, माझ्या पैशानं बघत होते. मी उभा होतो. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात वायर.

आता थोडक्यात मागचं सांगतो. मामेभाऊ न्यू जर्सीहून आला. तिकडचं घर आवरताना निघालेलं सामान त्यानं आम्हा नातेवाइकांना भेट म्हणून वाटलं, त्यात मला 'द ऑफिस' या विनोदी टीव्ही मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा डीव्हीडी सेट आला. अमेरिकन 'ऑफिस', स्टीव्ह कॅरेलवालं. ब्रिटनचं मूळ २००१ चं, त्यावरून अमेरिकेनं २००५ मध्ये आपलं केलं, आणि हा सेट २००७ चा. म्हणजे भावाकडे इतकी वर्षं पडून होता आणि मला मिळाला तेव्हा वरती "एकदम ओरिजिनल आहे रे, जपून वापर" असा सल्लाही मिळाला. मला मात्र खरंच आनंद झाला, खोटं कशाला बोलू. डीव्हीडीत कापलेले प्रसंग असतात, या मालिकेचे तर ढीगभर. शिवाय ऑनलाइनचा काय भरवसा, अमेरिकेत हीच मालिका २०२१ उजाडताना नेटफ्लिक्सवरून उठून पीकॉकवर गेली, लोक बसले बोंबलत. भाड्याचं घर ते, मालकाच्या मनात आलं की खाली करा. तबकडी कशी, आपल्या कपाटात.

तर माळ्यावरून जुना प्लेअर काढला, पुसला, तबकडी घातली. पडद्यावर निरोप आला की ही डिस्क या रीजनमध्ये चालणार नाही.

या रीजन प्रकरणावर मला दोन मिनिटं बोलू द्या कारण माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. डीव्हीडी आली तेव्हा कंपन्यांनी बसून जगाची सहा गटांत वाटणी केली, आपल्याकडे जिल्हा परिषदेचे गट पाडतात तशी. अमेरिका-कॅनडा एक नंबर. युरोप, जपान दोन. आणि आपण पाचव्या गटात, सोबत रशिया, बरीचशी आफ्रिका, मंगोलिया आणि उत्तर कोरिया. कारण काय तर सिनेमा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या वेळी लागतो, तिकडची तबकडी इकडे आधीच पोचली तर थेटरचा धंदा बुडेल. बरं बाबा, सिनेमाचं समजलं. पण ही टीव्हीवरची मालिका आहे, ही कुठल्या थेटरात लागणार होती? नीलायमला? आणि गंमत म्हणजे तेव्हा फुटपाथवर पन्नास रुपयांना मिळणारी चोरीची डिस्क कुठल्याही प्लेअरवर बिनबोभाट चालायची. तिला रीजन नाही, सुरुवातीची एफबीआयची धमकी नाही. ती धमकीसुद्धा फक्त ओरिजिनल घेणाऱ्यालाच बघावी लागते, आणि पुढेही ढकलता येत नाही. चोर मजेत आणि पावती घेणारा कोपऱ्यात अंगठे धरून उभा!

असो. प्लेअर पिशवीत घातला आणि तपकीर गल्ली गाठली. पहिल्या दोन दुकानांत "डीव्हीडी?" असं म्हणून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कंदिलाची काच मागतोय. तिसऱ्या दुकानात पन्नाशीचा एक माणूस मिक्सर उघडून बसला होता, तो म्हणाला, "रिमोट आणलाय का? मग होईल. तीनशे." काही प्लेअरना रिमोटवरून एक गुप्त आकडा दाबला की रीजनचं कुलूप निघतं, हे याला पाठ. तो कुठकुठले आकडे दाबत बसला आणि तिथंच काका होते.

काका म्हणजे पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर मिक्सरचं भांडं. उघडा पडलेला मिक्सर त्यांचाच, कपलर गेला होता. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती पण पेनं अजून ड्युटीवर.

"काय आहे?" काका.

"मालिका आहे. द ऑफिस."

"कुठलं ऑफिस?"

"म्हणजे असंच, एका ऑफिसात काय काय होतं ते."

"काय होतं?"

आता याला काय उत्तर देणार. मी म्हणालो, "काही नाही होत. लोक बसलेले असतात, काम करत नाहीत, साहेब विचित्र आहे, ते विनोदी आहे."

काकांनी भांडं मांडीवरून काउंटरवर ठेवलं. "आणि हे तुम्ही पैसे देऊन बघता?"

"भेट आलीय."

"आम्ही चौतीस वर्षं फुकट बघितलं."

तेवढ्यात कुलूप निघालं. दुकानदारानं प्लेअर त्याच्या भिंतीवरच्या जुन्या टीव्हीला जोडला, आणि मी हौसेनं, इथंच माझं चुकलं, म्हटलं आपण दिवाळीचा एपिसोड लावू. तिसऱ्या सीझनमध्ये आहे तो, २००६ च्या नोव्हेंबरात दाखवलेला. म्हटलं काकांना आवडेल, आपला सण आहे. मायकेल स्कॉट हा साहेब, पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावातल्या कागद विकणाऱ्या कंपनीच्या शाखेचा, आणि त्याच्या ऑफिसातली केली कपूर सगळ्यांना दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलावते.

काका पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मला वाटलं रंगले. मग म्हणाले, "मस्टर कुठंय?"

"काय?"

"हजेरीचं मस्टर. एवढी माणसं आली, सही कुणीच केली नाही."

दुकानदार स्क्रू फिरवता फिरवता म्हणाला, "काका, त्यांच्यात कार्ड असेल." काका म्हणाले, "असेल तर दाखवायला पाहिजे." नंतर साहेबानं सगळ्यांना मीटिंगला बसवलं, दिवाळी म्हणजे काय ते समजवायला. "सणाची माहिती द्यायला मीटिंग? कामाच्या वेळेत? आमच्याकडे बोनसचं सर्क्युलर यायचं, त्यावरून कळायचं दिवाळी आली." मीटिंगमध्ये साहेब थोर भारतीयांचे फोटो दाखवतो, त्यात नोबेलवाले चंद्रशेखर आणि त्यांच्याच रांगेत कार्टूनमधला दुकानवाला अपू. मी हसलो. मी एकटाच हसलो. केलीला दिवाळीचं मूळ विचारतात, तिला धड सांगता येत नाही, आणि तो चष्मेवाला ड्वाइट राम-रावण सगळं घडाघडा सांगतो. यावर मात्र काका पुढे सरकले. "हा माणूस तयारीचा आहे. याचा सीआर, गोपनीय अहवाल, चांगला जाणार." मग साहेब कामसूत्राची चित्रं वाटायला लागला, दुकानातलं पोरगं फिस्सकन हसलं, काकांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, मला विचारलं, "ही कागदं आवक-जावकला नोंदवलीत का?"

मी शपथेवर सांगतो, त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते खरंच तपासणी करत होते.

एव्हाना दारात तीन-चार माणसं जमली होती. एक चार्जर घ्यायला आलेला, एक पत्ता विचारायला, बाकीचे गर्दी आहे म्हणून. काका सगळ्यांना गोष्ट समजावून सांगायला लागले, आणि काय सांगत होते तर "हा साहेब, याच्या हाताखाली कुणी ऐकत नाही, पण माणूस वाईट नाही". हे मला सहा सीझन बघून कळलं होतं हो! यांना पंधरा मिनिटांत. पडद्यावर सण सुरू झाला, अँजेला नावाची तिरसट बाई जेवणाच्या टेबलाशी जाऊन म्हणते मी शाकाहारी आहे, मी काय खाऊ, तिला सांगतात सगळंच शाकाहारी आहे, तर म्हणते मग मी नुसता ब्रेड खाते. काका म्हणाले, "आमच्या हेडक्लार्क बाई!" मी शहाणपणा करायला गेलो आणि सांगितलं, ती केली झालीय ना, मिंडी केलिंग, तिनंच हा भाग लिहिलाय आणि यात तिचे आईवडील दाखवलेत ते तिचे खरेच आईवडील आहेत.

"म्हणजे घरची माणसं घुसवली."

"तसं नाही काका..."

"वशिला," काका दारातल्या गर्दीला म्हणाले. गर्दीनं मान डोलावली.

आणि मग साहेब सगळ्यांसमोर माइकवर मैत्रिणीला लग्नाचं विचारतो, तीही बिचारी त्याच्या सांगण्यावरून भलताच पोशाख करून आलेली, आणि ती नाही म्हणते. तिथं दुकानात एकदम शांतता. काका मागे वळले आणि तेव्हा त्यांनी मला तो प्रश्न विचारला. कामधंदा नाही का. आता बघा, बुधवारची दुपारची तीनची वेळ, मी वर्क फ्रॉम होम आहे, लॅपटॉपचं स्टेटस हिरवं ठेवायला माउस हलवायचं काम मुलाला दिलं होतं. मी काय बोलणार. म्हटलं, "आहे की." काका म्हणाले, "मग मस्टर कुठंय?"

सगळे हसले. अख्ख्या एपिसोडला एकदाही न हसलेली माणसं.

तीनशे रुपये दिले. दुकानदारानं काकांकडून कपलरचे पैसे घेतले नाहीत, "राहू द्या काका, मजा आली" म्हणे. मजा कुणाच्या डिस्कवर आली? पण नाही, मी ओरिजिनलवाला ना, माझी पावती फाटणारच. घरी आलो तर आमच्या नव्या टीव्हीला मागे लाल-पांढरी-पिवळी भोकंच नाहीत, नुसतं एचडीएमआय. बायको म्हणाली, मोबाइलवर बघ की. मी तिला कापलेल्या प्रसंगांचं महत्त्व समजावलं. ती म्हणाली, ते कापले असतील ते काहीतरी बघूनच कापले असतील ना.

काल कन्व्हर्टर आणायला परत त्याच दुकानात गेलो. अडीचशे. आणि स्टुलावर काका! कपलर बसला, आता मोटरच जळाली म्हणत होते, मला काही ते पटलं नाही.

"आणलं का पुढचं?" काका.

"नाही, वायर न्यायला आलोय."

"त्या साहेबाचं काय झालं? प्रमोशन मिळालं का?"

आता योगायोग बघा, तिसऱ्या सीझनच्या शेवटी हेच आहे, न्यूयॉर्कच्या हेड ऑफिसातली जागा निघते आणि साहेब मुलाखतीला जातो. मी म्हणालो, "नाही मिळालं. रायन नावाचा पोरगा आहे, टेंपररी म्हणून लागलेला, त्याला दिली ती जागा."

काकांनी खिशातली दोन्ही पेनं काढली, एकदा बघितली, परत लावली.

"टेंपररीला?"

"हो."

"साहेबाची सर्व्हिस किती झाली होती?"

"बरीच."

"मला ८९ साली असंच सुपरसीड केलं," काका म्हणाले. "पोरगं माझ्या हाताखाली फायली लावायचं. त्याला नोटिंग मी शिकवलं." मग दुकानदाराकडे वळून, "लाव रे ते. शेवटचा भाग लाव."

डिस्क घरी होती. मी तसं सांगितलं. काका म्हणाले, "मग घेऊन या. मी आहे सहा वाजेपर्यंत."