‘टाकून गेले’ या शब्दाबद्दल : सहल आयोजकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय मी आणि माझ्या पत्नीने, दोघांनीही वाचला. रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस सहलीत आजींना फार चालावं लागलं, व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, रांगेत दोन तास उन्हात गेले, पाण्याला आणि स्वच्छतागृहाला सतत युरो मोजावे लागले, आणि ‘कलोसियमला आम्हा चौघांना टाकून ग्रुप आत गेला’, असं तुम्ही लिहिलंय. त्रास झाला हे खरं आहे. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आधी रांगेचं सांगतो. २०२५ हे रोममध्ये जुबिली, म्हणजे कॅथलिक लोकांचं पवित्र वर्ष होतं. ते साधारण दर २५ वर्षांनी येतं आणि फक्त तेव्हाच उघडणाऱ्या चर्चच्या पवित्र द्वारातून जाण्यासाठी जगभरातून यात्रेकरू येतात. त्यातच मे महिन्यात नवे पोप निवडले गेले. बॅसिलिकेत जायला तिकीट लागत नाही, पण विमानतळासारखी तपासणी सगळ्यांची होते आणि आपली रांग त्या तपासणीची होती. व्हॅटिकनच्या संग्रहालयाचं बुकिंग मी आधी केलं होतं, तिथे आपण पंधरा मिनिटांत आत होतो, हेही आठवत असेल. तरी चूक माझी आहे. पैसे भरताना मी फक्त ‘गर्दी असेल हं’ एवढंच म्हणालो. लोकलने जाणाऱ्या माणसाला गर्दी म्हटल्यावर काय वाटणार? लोकलची गर्दी पाऊण तासात संपते, ही दिवसभर संपत नाही. ते नीट सांगायला हवं होतं.

आता कलोसियम. हे सविस्तर लिहितोय, कारण रात्री झोप लागली नाही.

त्या सकाळी ७.४५ला लॉबीत जमायचं ठरलं होतं. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर टाकलं होतं, जेवताना तोंडीही सांगितलं होतं. तुम्ही ८.०५ला खाली आलात. बाकीचे २७ जण बसमध्ये बसून होते. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. कलोसियमची तिकिटं ऑक्टोबर २०२३ पासून नावाने निघतात. प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि दाराशी पासपोर्ट बघून नाव जुळवतात. आपली वेळ ९.३०ची होती. ९.१०ला आपण कलोसियमशेजारच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी पोचलो. तुमच्या चिरंजीवांना मेट्रो स्टेशनच्या वरच्या रस्त्यावरून फोटो हवा होता. मी म्हटलं, बाहेर आल्यावर निवांत काढू. ‘पाचच मिनिटं’ म्हणून तुम्ही चौघं गेलात.

मी सात फोन केले. एकही लागला नाही, कारण तुम्ही रोमिंगचं पॅक घेतलं नव्हतं. ते घ्या म्हणून ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी दोनदा सांगितलं होतं. ९.३० वाजले. २७ जणांची वेळ घालवायची का? त्यातले दोघं पंचाहत्तरीच्या पुढचे होते. गाइड म्हणाली, आता नाही गेलो तर कोणीच जाणार नाही. मी त्यांना घेऊन आत गेलो आणि तुमची तिकिटं हातात घेऊन माझी पत्नी बाहेर उन्हात थांबली. तुम्ही ९.५०ला आलात. तिने दारावरच्या माणसाला विनवलं, तो ऐकेना. त्या दिवसाची दुसरी तिकिटं शिल्लक नव्हती. त्याच तिकिटावर शेजारचा रोमन फोरम, म्हणजे जुन्या रोमच्या चौकाचे अवशेष, बघता येतो म्हणून ती तुम्हाला तिकडे घेऊन गेली. आजींना सावलीत बसवलं, रस्त्याकडेच्या नळावर बाटल्या भरून आणल्या. (हे नासोनी नळ मी पहिल्याच संध्याकाळी दाखवले होते. पाणी पिण्याचं असतं, फुकट असतं. चोचीवर बोट धरलं की वरच्या भोकातून धार येते. बाटली विकत घ्यायची गरज नव्हती.) तिने स्वतः त्या सहलीत कलोसियम आतून पाहिलं नाही.

याला ‘टाकून गेले’ म्हणतात का, ताई?

व्हेनिसमध्ये ग्रुपचे दोन भाग केले म्हणून तुम्ही नाराज आहात. तिथे २०२४ पासून २५ पेक्षा जास्त माणसांचा ग्रुप फिरवता येत नाही. माझा इलाज नव्हता.

फ्लॉरेन्समधल्या चालण्याचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. बस जुन्या शहरात सोडत नाहीत, हे मला माहीत होतं, आजींचा गुडघा दुखतोय हेही माहीत होतं. त्यांच्यासाठी टॅक्सी करायला हवी होती. त्या वेळी सुचलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. त्या मात्र काही बोलल्या नाहीत. गुरुवारच्या उपासाला खिचडी करून दिली तेव्हा माझ्या पत्नीच्या डोक्यावरून हात फिरवला त्यांनी.

ठाण्यात आमचं दोन टेबलांचं ऑफिस आहे, चौदा वर्षं झाली. करोनात भाडं भरायला दागिने मोडले, पण एकाही प्रवाशाचा आगाऊ भरलेला रुपया बुडवला नाही. काल दिवाळीच्या सहलीसाठी एका गृहस्थांचा फोन आला. ‘तुम्ही लोकांना सोडून जाता असं वाचलं,’ म्हणाले, आणि सहा जणांचं बुकिंग थांबवलं. अभिप्राय काढून टाका असं मी म्हणणार नाही. तारेही दोनच राहू देत. तेवढा एक शब्द बदलता आला तर बघा.

पुढच्या सहलींपासून कुठे किती चालायचं हे आधी लेखी देऊ, ग्रुप जमेल तितका लहान ठेवू, स्वच्छतागृहासाठी सुट्टी नाणी आमच्याकडे असतील. उन्हाचंही काहीतरी बघतो. मे महिना आम्ही हौसेने निवडत नाही, मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात. पण ज्यांना शाळा आड येत नाही त्यांना ऑक्टोबरमध्येच न्यावं असं मलाही वाटतं.

कलोसियमच्या तिकिटांचे पैसे तुम्हाला परत करतोय. नियमाने द्यावे लागत नाहीत, तरीही. रविवार सोडून कधीही ऑफिसात या, चहा घेऊ. फोरममध्ये सावलीत बसलेल्या आजींचा फोटो माझ्या पत्नीच्या फोनमध्ये आहे, तो आज पाठवते म्हणाली. त्यांना आमचा नमस्कार सांगा, आणि गुडघा आता कसा आहे तेही कळवा.

आपला,
सहल आयोजक