तुझं काय जातंय तिकडून

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला ब्रायटनला गेले होते. लंडनच्या दक्षिण कडेला मी राहते, तिथल्या ईस्ट क्रॉयडनहून थेट गाडी, तासाच्या आत समुद्र. होव्हच्या हिरवळीशेजारच्या बाकावर बसून एक फोटो काढला. फिकट हिरवा लोखंडी कठडा, खाली गोट्यांचा किनारा, पुढं पाणीच पाणी. शाळेच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपल्या कृष्णाकाठी असं कधी?’

उत्तर दोन मिनिटांत. ‘ए लंडन, तुझं काय जातंय तिकडून बोलायला?’

उत्तर देणारा पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. आता आमच्या सांगलीत हरभट रोडला त्याचं दुकान आहे. ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलेलाच होता. आयर्विन पुलापासून हरिपूरपर्यंत नदीकाठानं फिरायचा रस्ता हवा, दिवे हवेत, बाकं हवीत, असं एकानं लिहिलं होतं. निम्मे म्हणाले झालंच पाहिजे, निम्मे म्हणाले पैसे पाण्यात, आणि तेही खऱ्या अर्थानं. माझा फोटो नेमका त्या आगीत पडला.

क्रॉयडनमध्ये राहते म्हणजे लंडन, हे एक. दुसरं म्हणजे ‘तुझं काय जातंय’. हे वाक्य मला चावलं. परतीच्या गाडीत गॅटविक येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला उत्तरंच देत होते.

त्याचं म्हणणं, नदी म्हणजे समुद्र नव्हे. अरे, पण समुद्र तरी कुठं गरीब गाय आहे? हिवाळ्यातल्या वादळात ब्रायटनचे गोटे उडून वर फिरायच्या वाटेवर येतात. नंतर ते लोटून पुन्हा खाली टाकतात आणि माणसं कुत्री घेऊन चालायला लागतात. १८८३ सालची व्होल्कची विजेची छोटी रेल्वे अजून काठाकाठानं धावते. १८९९ चा पिअर, म्हणजे समुद्रात आत गेलेला लांब धक्का, उभा आहे. काठानं फिरायला पैसे पडत नाहीत. ऐंशीच्या आज्जीबाई एकट्या येऊन बसतात, थर्मासमधला चहा पितात, त्यांना कुणी विचारत नाही, एकट्याच का. जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो. सीगल तेवढे हलकट. हातातला चिप्सचा घास नेतात आणि वर तुमच्याकडंच बघतात.

आता सगळंच सांगायचं तर, पिअरच्या पूर्वेला मडेरा टेरेस म्हणून लोखंडी कमानींची लांबलचक ओळ आहे, व्हिक्टोरियाच्या काळातली. ती गंजली म्हणून २०१२ मध्ये बंद केली आणि कुंपणाआड वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली. जोराचा पाऊस झाला की इंग्लंडच्या किनाऱ्यांवर सांडपाणी समुद्रात सोडतात आणि ‘आज पोहू नका’ म्हणून इशारे येतात. बँक हॉलिडेच्या संध्याकाळी कचऱ्याचे डबे ओसंडून वाहतात. यातलं काहीही मी फोटोत येऊ दिलं नव्हतं.

शिवाय माझ्याकडं एक ठेवणीतला दाखला आहे. पाटण्याचा शेख दीन महंमद ब्रायटनच्या समुद्रकाठी येऊन राहिला, वाफेचं स्नानगृह काढलं, चंपी करता करता दोन राजांपर्यंत पोचला. १८५१ मध्ये तिथंच गेला, तिथंच पुरला गेला. इंग्रजांच्या तोंडी ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्या चंपीतून आलेला. बाहेरून आलेला माणूस रुजतो तो असा, असं मी मराठी मंडळाच्या जेवणात ऐटीत सांगते. ब्रायटनमध्ये तुझ्या ओळखीचं कोण आहे, असं सुदैवानं अजून कुणी विचारलेलं नाही. कुणीच नाही. खरं तर म्हणूनच मी तिथं जाते. त्या पाण्याचं माझ्याकडं काही येणं नाही, माझं त्याच्याकडं काही देणं नाही. दुपारी यायचं, बघायचं, संध्याकाळची गाडी धरायची.

कृष्णेकडं असं बघता येत नाही, असं मी लिहिणार होते. लिहायला लागले आणि आठवलं की मी तर अगदी असंच बघितलंय.

आमचं घर विश्रामबागला. पुराचं पाणी तिथं येत नाही. लहानपणी पावसाळ्यात बाबा म्हणायचे, ‘चला, पूर बघून येऊ.’ आमची ती सहलच. स्कूटरवर आम्ही चौघं, खिशात भडंगाची पुडी, आणि आयर्विन पुलाच्या कठड्याशी ही गर्दी. खाली लालभडक पाणी, त्यातून ओंडके चाललेले, मधूनच एखादं म्हशीचं धूड. कोयनेतून किती सोडलं, वारणा किती फुगली, यावर अनोळखी माणसं एकमेकांशी तावातावानं बोलत. पुलाच्या पट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ३८ वर आलेलं पाणी बघून आम्ही हिरमुसून परत यायचो, एवढंच आलं म्हणून. तेव्हा खाली सूर्यवंशी प्लॉटात, दत्तनगरात माणसं भांडीकुंडी, गॅसची शेगडी, म्हातारी माणसं हलवत असायची. आम्ही वरून बघायचो. १९२९ चा तो पूल हाच आमचा प्रॉमेनेड होता, आणि मी तिथंही पाहुणीच होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी क्रॉयडनच्या स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर आकडे बघत होते. ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटल्याची बातमी तिथंच वाचली. आईबाबा कोरडे होते, दूध तेवढं मिळत नव्हतं. हरभट रोड पाण्याखाली होता. ग्रुपवर त्याचा एकच मेसेज आला होता, ‘दुकान गेलं.’ मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि कामावर गेले. पुढं पाणी ओसरल्यावर तो गाळ किती दिवस उपसत होता, हे मी त्याला कधी विचारलंच नाही. २०२१ ला पुन्हा तेच झालं. तेव्हाही नाही.

म्हणून रस्ता होऊ नये, असं मी म्हणत नाही. दर वर्षी पाण्याखाली जाऊन वर येणारा रस्ता बांधता येतो. घाट म्हणजे दुसरं काय आहे? आपल्या जुन्या माणसांनी दगडी पायऱ्या बांधल्या त्या बुडणार हे धरूनच. कठडे नाहीत, टाइल्स नाहीत, खुर्च्या नाहीत. पाणी उतरलं की गाळ लोटायचा आणि बसायचं. हरिपूरला संगमेश्वरापाशी उन्हाळ्यात संध्याकाळी बसलं की कृष्णा आणि वारणा एकमेकींत शिरताना दिसतात, ते मला ब्रायटनपेक्षा जास्त आवडतं. (हे फोटोखाली लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण मग तो फोटो टाकण्यात काही अर्थच उरला नसता.) पुन्हा कृष्णेतल्या मगरींचंही काय करणार, हा त्या दुकानवाल्याचा प्रश्न आहेच, आणि त्याला उत्तर ब्रायटनमध्ये मिळत नाही.

गेल्या खेपेला मामेभावाबरोबर सरकारी घाटावर गेले होते. नाववाल्यानं विचारलं, ‘ताई कुठल्या?’ मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, ‘लंडनच्या.’ नाववाल्यानं दर वाढवला नाही, पण नाव मात्र गणपती मंदिर दाखवायला म्हणून मुद्दाम लांबून नेली. मी मुकाट्यानं बघितलं.

जुलैत एका रात्री झोप येईना. कोयनेच्या पाणलोटात मोठा पाऊस झाल्याचं वाचलं होतं. त्या मेच्या भांडणानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. रात्री एकच्या सुमाराला मी त्याला एकट्याला लिहिलं, ‘पाणी किती?’

तिकडं पहाट झाली होती. तो रोज त्या वेळेला पुलावर चालायला जातो, हे मला तेव्हा कळलं. आधी पट्टीचा फोटो आला, अंधुक. मग खाली, ‘१८. झोप आता.’