रविवार वाया गेलेल्या ग्राहकाला, फोंड्याच्या दुकानातून

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला आणि दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. घरी सर्किट बोर्ड करताना वापरलेलं आमच्याकडचं फेरिक क्लोराईड, म्हणजे नको असलेलं तांबं खाणारं द्रावण, शिळं होतं, बोर्डावर कुठे तांबं तसंच राहिलं तर कुठे ट्रॅकच, म्हणजे राहायला हव्या त्या तांब्याच्या रेघाच, खाल्ले गेले, 220 रुपये आणि अख्खा रविवार फुकट गेला, काउंटरवरच्या मुलाने पैसे परत दिले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. हाताने केलेला पहिला बोर्ड फसला की काय वाटतं ते मला ठाऊक आहे. मनापासून वाईट वाटलं.

पण द्रावण शिळं नव्हतं. ते मेलेलं असतं तर अख्ख्या बोर्डावर काम रेंगाळलं असतं. तुमच्या बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात त्याच द्रावणाने 35 मायक्रॉनचं तांबं पार साफ केलंय. त्या कोपऱ्यातली तुटकी जागा बघा, लांबट गोल, बरोबर अंगठ्याएवढी. लेझर प्रिंटचा टोनर म्हणजे बारीक प्लास्टिकची पूड, ती जिथे चिकटते तिथलं तांबं द्रावणापासून वाचतं. छापलेल्या कागदावरून इस्त्री फिरवली की वितळून ती तांब्याला धरते, पण मध्ये बोटाचं तेल आलं की नुसती वर टेकते आणि कागद चोळताना निघून येते. मधल्या भागाचं कारण वेगळं. एचिंगच्या, म्हणजे द्रावणात बुडवण्याच्या, आधीच्या फोटोत दोन ट्रॅकच्या मध्ये पांढुरकं दिसतंय, तो कागदाचा लगदा आहे. ओला असताना तो दिसत नाही, बोर्ड सुकला की दिसतो. त्याच्याखाली द्रावण नीट पोचतच नाही. बोर्ड पुन्हा भिजवून जुन्या टूथब्रशने हळूच घासला असता तर तेवढा भाग वाचला असता.

आता आमची चूक. तुम्हाला दिलेला तांबं चढवलेला तुकडा मोठ्या शीटमधून कापून उघडाच ठेवलेला होता. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तांब्यावर लगेच तपकिरी थर चढतो, आणि अशा तांब्यावर टोनर नीट धरत नाही. तो तुकडा हिरव्या स्क्रबरने आणि भांड्यांच्या पावडरीने घासायला हवा. नळाखाली धरल्यावर पाण्याचे थेंब न होता सलग पडदा पसरला, की तांबं स्वच्छ. त्यानंतर बोर्ड फक्त कडांनी धरायचा. हे विकताना सांगणं आमचं काम होतं, ते झालं नाही. यापुढे तुकडे कापल्याबरोबर प्लास्टिकमध्ये बंद होतील. मुलाला पैसे परत देण्याची मुभा मीच दिलेली नव्हती, तेव्हा त्याच्यावर राग धरू नका.

तुमच्या एका वाक्याने मात्र माझी झोप उडाली. उरलेलं द्रावण तुम्ही बाथरूममध्ये ओतलंत. कृपा करून पुन्हा असं करू नका. त्यात आता बोर्डावरचं तांबं विरघळलेलं आहे. सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना ते मारतं, ओहोळात गेलं तर माशांना मारतं. आपल्याकडे कितीतरी घरांत सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) आणि विहीर एकाच आवारात असतात. शिवाय एका बोर्डानंतर ते फेकायचं नसतंच. झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कधीच नको, ते भांडंच खातं. आणखी काही बोर्ड सहज निघतात. हिरवट झालं आणि काम फारच मंदावलं की बाटली आमच्याकडे आणून द्या, आम्ही ती घातक कचऱ्यात देतो.

220 रुपये काउंटरवर तुमच्या नावाने ठेवलेत, बिल नसलं तरी चालेल. शनिवारी दुपारी 3 नंतर मी स्वतः दुकानात असतो. फसलेला बोर्ड आणि डिझाइनची लेझर प्रिंट घेऊन या. प्रिंट मिरर केलेली, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी, टोनर सेव्ह (टोनर वाचवणारी सेटिंग) बंद ठेवून, गुळगुळीत मासिकाच्या कागदावर काढा, इंकजेटची चालणार नाही. तांब्याचा नवा तुकडा माझ्याकडून. इस्त्री दुकानात आहे, पहिला बोर्ड आपण सोबतच काढू.