‘काहीतरी छान सुचव ना!’

‘एखादी छान कादंबरी सुचव ना’ असं कुणी म्हटलं की मला घाम फुटतो. वर ‘तू एवढं वाचतोस म्हणून विचारलं’ अशी पुस्ती आली की पळायची वाटही बंद. छान म्हणजे कशी, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘फार जाड नको, रडकी नको, पण दमदार हवी.’ या वर्णनात बसणारी चीज मी वधू-वर सूचक जाहिराती सोडून कुठेही पाहिलेली नाही.

प्रश्न चारचौघांत निघाला तर आणखी पंचाईत. पहिला ‘व्यक्ती आणि वल्ली’ म्हणतो, दुसरी ‘युगान्त’, तिसरा ‘एक होता कार्व्हर’. तिन्ही पुस्तकं घरात हवीतच, पण कादंबरी यांतली एकही नाही. हे सांगायला जाऊ नये. सांगणारा आगाऊ ठरतो.

‘तुला काय आवडलं होतं?’ हा प्रश्नही कुचकामी, कारण तिथे सगळे ‘ययाति’ म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा विचारावं, ‘अर्धवट काय टाकलंस, आणि कुठे?’ इथे माणूस खरं बोलतो, कारण दोष लेखकावर ढकलता येतो. नेमाडेंची ‘हिंदू’ घेतली होती, पण मोहेंजोदडोच्या उत्खननातून वरच आलो नाही, असं सांगणारे कितीतरी. त्यांना आणखी पाचशे पानी ठोकळा देणं हा छळ आहे. ‘बनगरवाडी’ द्यावी. धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर, मेंढरं आणि शेवटी दुष्काळ. एवढ्याशा पुस्तकात माडगूळकरांनी अख्खं गाव वसवून रिकामं करून दाखवलंय. शाळा सुटल्यापासून मराठी वाचलेलंच नाही अशांनाही हीच. एक-दोन बैठकांत संपते, आणि ‘मी कादंबरी संपवली’ हा आत्मविश्वास पुढच्या तीन पुस्तकांना पुरतो.

नावावर जाऊन सुचवण्याचा बळी म्हणजे ‘रणांगण’. युद्धाचं काहीतरी मागणाऱ्याच्या हातात बेडेकरांची ही १९३९ सालची कादंबरी पडते आणि तो तोफांची वाट बघत बसतो. आत आहे युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावरचा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. लढाईच हवी असेल तर विश्वास पाटलांची ‘पानिपत’. शेवट आधीच ठाऊक असून माणूस पानं उलटत राहतो, हे त्या पुस्तकाचं खरं कसब. पण त्याच पाटलांची ‘झाडाझडती’ कुणाला सुट्टीत वाचायला देऊ नये. धरणग्रस्तांची ती फरफट वाचल्यावर जलाशयाच्या काठच्या रिसॉर्टवर भजी घशाखाली उतरत नाहीत. पुस्तक अव्वल, मुहूर्त चुकीचा.

‘कोसला’चं पथ्य वेगळं. ‘पुढे काय होतं?’ असं विचारणाऱ्याला ती देऊ नये; पुढे फारसं काही होतच नाही. होस्टेलवर राहिलेल्या विशीतल्या पोराला जरूर द्यावी, पण घरच्यांना आधी कल्पना द्यावी, कारण तो महिनाभर तिच्या नायकाच्याच भाषेत उदाहरणार्थ जेवायला वगैरे येईल. ‘मृत्युंजय’चा दुष्परिणाम जास्त टिकतो. वाचणारा स्वतःच कर्ण होतो आणि साहेबाने रजा नाकारली तरी आपली कवचकुंडलं गेली असं मानतो. त्याच्यावर लगेच ‘राधेय’ देऊ नये. लागोपाठ दोन कर्ण साध्या प्रकृतीला झेपत नाहीत.

भुताखेतांचं हवं असेल तर नारायण धारप. फक्त ‘लुचाई’ देताना समोरचा इंग्रजी वाचणारा नाही ना, एवढं बघावं. ती स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे हे तो दहाव्या पानावर ओळखतो आणि मग भीती राहते बाजूला, व्याख्यान सुरू होतं. ‘मराठीत विज्ञान कुठंय?’ असं म्हणणाऱ्याला नारळीकरांची ‘प्रेषित’ द्यावी आणि निघून जावं.

पुस्तक स्वतःचं दिलं असेल तर परत आल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये, ‘मस्त!’ हेच ऐकायला मिळतं. खुणेला ठेवलेलं एसटीचं तिकीट शोधावं. ते सतराव्या पानावर निघालं तर पुढच्या खेपेला निम्म्या जाडीचं द्यावं. तिकीट शेवटच्या पानांत असेल आणि कव्हरवर आमटीचा डाग असेल तर डागाबद्दल बोलू नये, त्याच लेखकाचं दुसरं काढून द्यावं. तिकीटही नाही आणि डागही नाही, पुस्तक अगदी दिलं तसंच परत आलं, तर त्या माणसाला दिवाळी अंक द्यावा.