एकीचे बळ

बाईनं एकटीनं परदेशी फिरायला जायचं तर व्हिसा लागतो, पैसे लागतात आणि सगळ्यात जास्त लागतो तो खुलासा. "कुठल्या टूरबरोबर?" या प्रश्नाला "एकटीच" म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. शेजारच्या काकूंनी तर आवाज खाली आणून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना गं?" नवऱ्याला रजा नव्हती आणि मला व्हिएन्ना बघायचं होतं, बास. पण इतक्या साध्या कारणावर आमच्या सोसायटीत कुणी विश्वास ठेवत नाही.

व्हिएन्नानंही ठेवला नाही. या गावात जे काही आहे ते दोघांसाठी. रस्ता ओलांडायला थांबले, तर सिग्नलमधला लाल माणूससुद्धा जोडीनं उभा! २०१५ मध्ये युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा इथे झाली, त्या निमित्तानं काही सिग्नलवर अशी जोडपी बसवली. बाई-पुरुष, बाई-बाई, पुरुष-पुरुष, आणि मधे बदाम. स्पर्धा संपली तरी जोडपी हटली नाहीत. त्यातून इथली माणसं रस्ता मोकळा असला तरी लाल दिवा मोडत नाहीत. म्हणजे त्या बदामाकडे बघत ताटकळणं आलं.

बेल्व्हेडेर राजवाड्यात क्लिम्टचं 'चुंबन' आहे. सोन्याचा वर्ख लावलेलं, १८० सेंटिमीटरचं चौरस चित्र. त्याच्यासमोर फोटो काढायला जोडप्यांची गर्दी, आणि मोकळ्या हातांची मी एकटी. एकानं फोन दिला, मी फोटो काढला. मग दुसऱ्यानं दिला, तिसऱ्यानं दिला. थोड्या वेळानं एका आजोबांनी मला अदबीनं स्वच्छतागृहाची वाट विचारली. ती मी बरोबर सांगितली, कारण स्वच्छतागृह हा एकट्या प्रवाशाचा खास अभ्यासाचा विषय असतो. "जरा बॅग धर" असं म्हणायला कुणी नसतं. बॅग, कोट, छत्री, सगळा संसार घेऊन त्या खोलीत शिरायचं आणि बाहेर पडताना दार पायानं उघडायचं.

पण खरी परीक्षा जेवणाची. वेटरनं माझ्या मागे पाहिलं. तिथे कुणी नाही अशी खात्री झाल्यावर समोरचे काटे-चमचे, ग्लास, रुमाल असं एकेक करून उचललं. इतक्या सावकाश, की शेजारच्या टेबलांनाही माझी परिस्थिती समजावी. मी कायझरश्मार्न मागवलं. फुगलेल्या पॅनकेकचे तुकडे, वर पिठीसाखर, सोबत शिजवलेले प्लम. नाव बादशहाचं आणि आकारही दरबाराला पुरेल असा. लग्नाचे फायदे-तोटे यावर लोक पुष्कळ बोलतात, पण बायकोच्या ताटातलं उरलेलं संपवणारा माणूस ही किती मोठी सोय आहे, हे मला त्या अर्ध्या उरलेल्या ताटासमोर कळलं.

भांडायलाही कुणी नसतं. ट्राम उलट्या दिशेला निघाली की खापर फोडायला डोकं लागतं. आपल्याच डोक्यावर फोडून मुळीच समाधान होत नाही.

ऑपेराचं मात्र वेगळं. १८६९ साली उघडलेल्या तिथल्या सरकारी ऑपेराघरात उभ्यानं बघायची स्वस्त तिकिटं मिळतात. आत शिरून कठड्याला स्कार्फ बांधायचा, की ती जागा तुमची. मग खुशाल फिरून या. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकत मोठी झालेली मी! मला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. माझ्याकडे स्कार्फ नव्हता, अडीच मीटरची ओढणी होती. तिनं ऐसपैस दोन माणसांची जागा अडली. दुसऱ्या जागेवर मी बॅग ठेवली. समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी भाषांतर येत होतं, त्यावरून कळलं की मंचावरचे सगळे प्रेमापायी मरणार आहेत. पाय इतके दुखत होते की त्यांनी ते लवकर उरकावं असं वाटू लागलं.

एकट्या जिवाला या शहरात खरा आसरा कॉफीगृहाचा. चांदीसारख्या तबकात मेलांज, म्हणजे इथली फेसाळ दुधाची कॉफी येते, शेजारी पाण्याचा पेला. मग कितीही वेळ बसा, मागितल्याशिवाय बिल येत नाही. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं असतात. जर्मन येत नसलं तरी एक उचलून तोंडासमोर धरावं. त्यामागे बसून मी मनसोक्त लोकांचे कपडे बघितले. वेटर तुसडे म्हणून प्रसिद्ध आहेत, पण ते सगळ्यांशीच तुसडे वागतात. त्यात मला वेगळं काढलं नाही, याचंच बरं वाटलं.

शेवटी शोनब्रुनला गेले. १४४१ खोल्यांचा राजवाडा. एका कुटुंबाला एवढ्या खोल्या कशाला, असं वाटत होतं. मग कळलं की इथली महाराणी मारिया थेरेसा, तिला सोळा मुलं झाली. बाईला पाच मिनिटं एकटीनं बसायला जागा हवी असेल, तर १४४१ सुद्धा कमीच.

बागेत मागून आवाज आला, "अहो जोशीकाका, ग्रुप सोडू नका!" अख्खी मराठी टूर. मी नकळत वळले आणि पकडले गेले. "एकट्याच?" एका मावशींनी हळहळून माझ्या हातात भाकरवडी ठेवली. दुसरीनं लाडू. तिसरीनं फोन ठेवला, ग्रुपफोटोसाठी. तो झाल्यावर "आता तुम्हीही या हो" म्हणून मला मधे उभं केलं आणि मी गेले कित्येक दिवसांचं मराठी एका दमात बोलून टाकलं. व्हिसापासून ट्रामपर्यंत सगळं. बोलता बोलता बसपाशी कधी पोचलो, कळलंच नाही.

टूर मॅनेजर दारात उभा राहून डोकी मोजत होता. मोजून झाली, त्यानं यादी बघितली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मी लाडू तोंडात कोंबला आणि जोशीकाकांच्या मागे सरकले.